आतून पुसलेली काच

१

इराइदाच्या घरात रविवार उजाडायचा तो काच खरवडण्याच्या आवाजाने. खर्र, खर्र, खर्र. बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर यांच्या मधोमध तिची खाऱ्या पाण्याची टाकी होती, माणूस आडवा झोपेल एवढी लांब. हातात जुनं प्लास्टिकचं कार्ड घेऊन, दंडापर्यंत हात पाण्यात बुडवून ती काचेवरचं शेवाळ काढायची. आठवडाभरात काचेला आतून हिरवट साय धरते. घरात समुद्र ठेवायचा तर ही साय काढत बसावंच लागतं, आणि इराइदाला त्याचा कधी कंटाळा आला नाही.

टाकी तिची स्वतःची. म्हणजे अक्षरशः. काच एका बंद पडलेल्या दुकानाची, पंप जुन्या धुलाई यंत्राच्या मोटरचा, पाईप कुठून आले ते विचारू नये. आयुष्यभर तिने दवाखान्यात लोकांच्या कवळ्या बनवल्या, आणि कवळीसाठी वापरतात त्याच सिमेंटने आता ती पोवळी खडकाला चिकटवायची. नवरा कांदिदो त्यांच्या बेटावरच्या सिएनफुएगोस शहरातून रांचो लूनाच्या किनाऱ्याला जाणारी बस चालवायचा. परतीच्या फेरीत शेवटच्या बाकाखाली समुद्राच्या पाण्याचे कॅन असायचे. उतारू पाय वर घेऊन बसायचे आणि म्हणायचे, "कांदिदो, बायकोला सांग, आम्ही तिच्यासाठी मासेही मांडीवर घेऊन येऊ." कांदिदो हसायचा आणि घरी येऊन बायकोवर चिडायचा. पण पुढच्या फेरीला कॅन असायचेच.

खालच्या मजल्यावर काचिता राहायची. वयाने मोठी, तोंडाने त्याहून मोठी. जिन्यात भेटली की ठरलेलं, "अगं इराइदा, एक दिवस तुझा समुद्र माझ्या टाळक्यावर कोसळणार!"

"मग पोहायला शीक ना, अजून वेळ आहे," इराइदा म्हणायची.

आणि त्या समुद्राच्या भिंतीकडच्या टोकाला उभा होता तो खांब. एका वादळानंतर वाळूत पडलेला पोवळ्याचा अंगठ्याएवढा तुकडा तिने उचलून आणला होता. तो वाढत वाढत कोपरापासून बोटांपर्यंतच्या हाताएवढा झाला. बाकीची पोवळी दिवसा अंग चोरून बसतात, हे खांबपोवळं मात्र भर दुपारी उघडतं, सगळ्या अंगावर तपकिरी मखमल फुलते आणि पाण्याबरोबर डुलते. शहरातल्या टाकीवाल्यांचं एक मंडळ होतं. एवेलिओ मास्तर त्याचे प्रमुख, निवृत्त जीवशास्त्र शिक्षक, पाण्यात अजून मासोळीसारखे उतरणारे. ते सांगत, की गेल्या काही उन्हाळ्यांत पाणी एवढं तापलं की त्यांच्या ओळखीच्या खडकांवर एकही खांब जिवंत उरलेला नाही. मंडळाचा रिवाज असा, की ज्याच्याकडे चांगलं पोवळं आहे त्याने मागेल त्याला कलम तोडून द्यायचं, फुकट. माझं मेलं तर तुझ्याकडचं माझ्याकडे परत येईल, हा त्यातला हिशेब. इराइदाने हात आखडता न घेता खांबाची कलमं वाटली होती. पण वीज जायची, पाणी तापायचं, आणि एकेकाच्या घरचं कलम पांढरं पडून गेलं. आता उरला होता हा एक.

त्या रविवारी तिने कार्ड काचेला लावलं आणि हात थांबला. समोरच्या काचेवर सगळीकडे साय होती. फक्त एका जागी नव्हती. तिच्या बसायच्या तिवईसमोर, तिच्या तोंडाच्या उंचीवर, काच स्वच्छ होती. लांबट गोल, चेहरा मावेल एवढा.

तिने खांदे उडवले आणि उरलेली काच घासून टाकली.

२

गोगलगायी. दुसरं काय असणार? गोगलगायी शेवाळ खातात, त्यांना कामच ते. इराइदाने स्वतःला बजावलं आणि आठवडाभर विषय डोक्यातून काढून टाकला. पुढच्या रविवारी जागा पुन्हा तिथेच होती. तीच उंची, तोच आकार, कडा नीट.

नेमके त्याच दिवशी एवेलिओ मास्तर कॉफीला आले. खांब बघायला यायचे ते, दर काही दिवसांनी, देवदर्शनाला यावं तसे. चष्मा वर सरकवून त्यांनी काच न्याहाळली.

"काय हो इराइदाबाई, जहाजाची खिडकी केलीत की काय?"

"गोगलगायींनी खाल्लंय, मास्तर."

"गोगलगाय?" मास्तरांनी वर्गात पोरांवर रोखायचे तसे डोळे रोखले. "गोगलगाय दारुड्यासारखी नागमोडी जाते. ती असला गोल काढणार? तुम्हीच घासलंत आणि विसरलात. होतं असं, वय झालं आपलं."

"आपलं नाही, तुमचं!" इराइदा उसळली. कॉफी तिने त्यांना दिली, पण साखर कमी घातली.

मास्तर गेल्यावर तिने सगळ्या गोगलगायी एकेक करून बादलीत काढल्या. खडकांच्या फटीत विजेरी मारून बघितलं, एकही ठेवली नाही. मग तिने काच मुद्दाम घासायची बंद केली. घरात टाकी असलेल्या बाईला ही शिक्षाच. पाहुणे येतात, हिरवी काच बघून चुकचुकतात. पण तिला बघायचंच होतं.

साय दाट होत गेली. खांब हिरव्या पडद्यामागे धूसर दिसू लागला. आणि तिवईसमोरचा तो गोल तेवढा लख्ख राहिला. एका सकाळी ती तिवईवर बसली, आत काय चाललंय ते दिसावं म्हणून पुढे वाकली, चेहरा काचेला टेकवला आणि उजेड अडवायला दोन्ही तळहात गालांशी धरले. अंधाऱ्या दुकानात डोकावताना आपण सगळेच धरतो तसे.

तेव्हा तिला दिसलं. गोलाच्या दोन्ही बाजूंना काचेवर आणखी दोन पट्टे पुसलेले होते. उभे, किंचित वाकडे. तिचे तळहात बरोबर त्यांच्यावर बसले होते. फक्त ती बाहेर होती, आणि पट्टे आतून होते.

ती तिवईसकट मागे पडली.

३

"पाण्याचा झोत," कांदिदो म्हणाला. भातावर काळ्या घेवड्याचा रस्सा ओतत त्याने मान वळवूनही बघितलं नाही. "पंपाचं तोंड तिकडे वळलंय. झोत लागतो, शेवाळ धरत नाही."

"पंप मागच्या कोपऱ्यात आहे."

"मग झोत फिरून येतो."

इराइदाने पंपाचं तोंड वळवलं. तिलाही हेच हवं होतं, खरं तर. नवऱ्याचं बरोबर ठरावं असं तिला लग्नानंतर फार क्वचित वाटलं होतं, पण आज वाटत होतं. पाणी दुसरीकडून फिरू लागलं. जागा तशीच राहिली. मग तिने तिवईच उचलून स्वयंपाकघरात नेली आणि तिकडच्या बाजूने टाकीकडे तोंड करून बसू लागली. मलांगाचे कंद सोलायचे तर तिथे, तांदूळ निवडायचे तर तिथे.

दोन दिवसही गेले नाहीत. स्वयंपाकघराच्या बाजूच्या काचेवर, तिवईसमोर, चेहऱ्याएवढा गोल पुसून निघाला. दोन्ही बाजूंना पट्टे. आणि बाहेरच्या खोलीतला जुना गोल सायीने भरून येऊ लागला.

तिला आता आवाजही कळायला लागला. फार बारीक. पंपाच्या घरघरीखाली, ओल्या कापडाने ताट पुसल्यासारखा, चीक, चीक. ती वळली की बंद. मग वाटायचं, पंपच असेल, धुलाई यंत्राची मोटर ती, कशीही ओरडते. अर्धा जांभळा अर्धा पिवळा तो छोटा मासा, जो कुणी नुसतं बोट दाखवलं तरी खडकात पळायचा, तो हल्ली गोलाजवळ निवांत तरंगत असायचा. मासा घाबरत नाही म्हणजे तिथे काही नाही, असं ती स्वतःला सांगायची. आणि लगेच मनात यायचं, की मासा तर माझ्याजवळही असा थांबत नाही.

शेवटी तिने टाकीवर चादर टाकली. तिन्ही उघड्या बाजूंनी, जमिनीपर्यंत.

दुसऱ्या दिवशी दुपारी कांदिदो फेरी संपवून आला, जेवला आणि पलंगावर आडवा झाला. पलंगाच्या खोलीचं दार टाकीच्या मोकळ्या अरुंद बाजूला उघडतं. इराइदा दोरीवर कपडे घालत होती, तेवढ्यात त्याची हाक आली.

तो पलंगावर उठून बसला होता. वारा आला होता आणि चादरीचं एक टोक उडालं होतं. अरुंद बाजूच्या काचेवर नवा गोल होता, कांदिदोच्या उशीच्या उंचीवर.

"हे माझ्याकडे बघत होतं," तो म्हणाला. उशी त्याने छातीशी आवळून धरली होती. असला धिप्पाड माणूस, वादळात बस चालवणारा. "इराइदा, मी झोपलो होतो आणि हे मला बघत होतं. कधीपासून?"

"उकाड्याने तुला..."

"उकाड्याला काय हात असतात? काढ ती. आजच्या आज. सगळं भर, मी बसमधून नेतो आणि जिथून आणलं तिथे ओततो. एक तर ती टाकी राहील, नाहीतर मी."

एरवी इराइदाने चेष्टा केली असती, 'जरा विचार करते' असं म्हटलं असतं. त्या दिवशी ती हातातला ओला कपडा पिळत राहिली. तिला भीती होती ती वेगळीच. समुद्राचं पाणी अंगाला चटका देईल एवढं तापलेलं होतं. तिथे खांब ओतणं म्हणजे त्याला आपल्या हाताने मारणं.

४

तरीही शनिवारी सकाळी तिने बादल्या मांडल्या. भीती माणसाकडून काय काय करून घेते! मासे एका बादलीत, खडक दुसरीत. खांब सगळ्यात शेवटी, त्याला हात लावायचा तिला धीर होत नव्हता. त्याच्यामागे टाकीची मागची, भिंतीला लागलेली काच होती आणि मध्ये जेमतेम चार बोटं जागा. तिने विजेरीने तिथे बघितलं. काच, शेवाळ, एक खेकडा. बस्स. एवढ्या जागेत मांजरही मावणार नाही, ती मोठ्याने म्हणाली. आपल्याच आवाजाने तिला जरा बरं वाटलं.

आणि पंप थांबला.

वीज जाणं हे काही नवल नव्हतं. रोजच जायची, दोन-चार तास, कधी जास्त. त्यासाठी कांदिदोने बसची जुनी बॅटरी आणि एक छोटा पंप जोडून ठेवला होता. पण या वेळी गल्लीतला नेहमीचा ओरडा शमला आणि काही वेळाने काचिता जिना चढून धापा टाकत वर आली, हातात सेलवरचा रेडिओ.

"आख्ख्या बेटाची गेली गं! सगळीकडे अंधार. कधी येईल ते त्यांनाही ठाऊक नाही."

कांदिदोचा निरोपही आलाच, डिझेल नाही, बस आगारातच उभी. म्हणजे किनाऱ्याला जायचं नाही, ताजं पाणी यायचं नाही. इराइदाने बादल्यांतल्या माशांकडे बघितलं, ते वर येऊन तोंडं उघडत होते. मग तिने टाकीतल्या खांबाकडे बघितलं. पाणी हललं नाही तर पोवळं गुदमरतं. थांबलेल्या, तापलेल्या पाण्यात खांब फार तर एक दिवस काढेल. आणि तो गेला की संपलं. मास्तरांकडे नाही, मंडळात कुणाकडे नाही, समुद्रातही नाही.

भीती गेली असं नाही. पण तिच्यावर राग चढला.

"बघतोस ना? बघ," टाकीकडे बघून ती ओरडली. "मी काही तुला घाबरून याला मरू देणार नाही!"

काचिताने छातीवर क्रूस काढला. "कुणाशी बोलतेस गं?"

"भाडेकरू ठेवलाय एक," इराइदा म्हणाली आणि मासे, खडक सगळं पुन्हा टाकीत लावायला लागली.

५

बॅटरी त्या संध्याकाळीच बसली. बसची जुनी बॅटरी, तिचं आयुष्य केव्हाच उलटून गेलं होतं. मग हात आले कामाला. तांब्या पाण्यात बुडवायचा, वर उचलायचा, उंचावरून धार सोडायची. धारेबरोबर हवा आत जाते, पाणी हलतं. पुन्हा बुडवायचा, पुन्हा उचलायचा. कांदिदो आगारातून चालत घरी आला, तांब्या बघितला आणि बाही वर सारून उभा राहिला. टाकी काढ म्हणणारा तोच नवरा. त्या रात्री आळीपाळीने दोघांनी ओतलं. काचिता पहाटे कॉफी घेऊन आली आणि पदरचा तासभर तीही ओतत उभी राहिली. "माझ्याच डोक्यावर पडायचाय हा समुद्र," ती कुरकुरली, "निदान जिवंत तरी पडू दे."

दुसऱ्या दिवशी उन्हाने घर तापलं. टाकीचं पाणी कोमट झालं. बातम्या येत होत्या त्या गल्लीतून, माणसांच्या तोंडून. अमक्याची टाकी सकाळी दुधासारखी पांढरी झाली. तमक्याने मासे बादलीतून बाहेर फेकले, वास सुटलाय. आणि दुपारी समजलं, मास्तरांची गेली. शहरातली सगळ्यात जुनी टाकी. मास्तर दार लावून बसलेत, कुणाशी बोलत नाहीत.

इराइदाला रडू फुटलं. साखर कमी घातली होती ना त्यांच्या कॉफीत, ते आठवून आणखीच रडली. रडत रडत ओतत राहिली.

खांबाची मखमल आत ओढली गेली होती. नुसता उघडा, खडबडीत दगड उभा होता, आणि एका बाजूने नखाएवढा पांढरा डाग. तिने तो बघितला आणि जवळ वाकून पुन्हा बघितला. कांदिदो भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपला होता, तोंड उघडं, तांब्या मांडीवर. काचिता खाली गेली होती. इराइदाने तांब्या उचलला. अर्ध्यावर आला आणि हाताने सोडून दिला. पुन्हा उचलायला गेली तर बोटं मिटेचनात. खांद्यापासून हात तिचा उरलाच नव्हता.

"माफ कर," ती खांबाला म्हणाली. तिवईवर बसली आणि कपाळ काचेला टेकवलं.

भर दुपार होती. गल्ली उन्हाने मुकी झाली होती. पंप नाही, पंखा नाही, कुठे रेडिओ नाही. अशी शांतता त्या घराने कधी ऐकली नव्हती.

६

आधी तिला वाटलं कांदिदो उठून ओतायला लागला. पाणी वाजत होतं. पण ते धारेचं पाणी नव्हतं, भरल्या भांड्यात पाणी फिरतं तसा तो आवाज होता, गोल, जड. तिने डोळे उघडले. कांदिदो भिंतीशीच होता, घोरत.

टाकीतलं पाणी फिरत होतं.

बारीक वाळू उठून गोल जात होती. शेवाळाच्या झिपऱ्या सगळ्या एका दिशेला झुकल्या होत्या. पंपाने सुद्धा कधी पाणी एवढं फिरवलं नव्हतं. झोप नाही, पोटात अन्न नाही, उकाडा, असं तिने मनात भराभरा मांडलं. नेहमीसारखं. पण पाणी तिच्या मांडण्याला भीक न घालता फिरत राहिलं.

मग खांबाच्या मागे, त्या चार बोटांच्या जागेत, काहीतरी फिकं पुढे आलं, वळलं आणि मागे गेलं. पुन्हा पुढे आलं. मोठ्या पातेल्यातला रस्सा ढवळणाऱ्या बाईचं कोपर असं जातं-येतं. पण कोपराला वाक एक असतो. याला दोन होते. आणि ते जिथून येत होतं तिथे जागा नव्हती, तिथे मागची काच होती, काचेमागे भिंत, आणि भिंतीपलीकडे जिना. तरी ते लांबून येत होतं. फार लांबून आल्यासारखं, मागे जाताना लहान होत जायचं.

इराइदाच्या सर्वांगावर काटा आला. उठून पळायचं तिच्या मनात आलं, अगदी आलं. दार चार पावलांवर होतं.

आणि तिला दिसलं, की ते दमतंय.

आधी नीट चाललेलं ते जाणं-येणं अडखळायला लागलं. पुढे यायचं, थांबायचं, थरथरायचं. फिरणारं पाणी मंदावलं. खांबाच्या अंगावर नुकतीच कुठे मखमलीची टोकं बाहेर डोकावली होती, ती पुन्हा आत जाऊ लागली. आत जाऊ लागली आणि ते फिकं काहीतरी घाईने आणखी एकदा पुढे आलं. घाई इराइदाला ओळखू आली. तिच्याच हातात होती ती, कालपासून.

"दमलास?" ती म्हणाली. तिचा स्वतःचा आवाज तिला ऐकू आला, चक्क तिचा रोजचा, जिन्यातल्या भांडणाचा आवाज. "सर बाजूला. आता माझी पाळी."

आणि तिने हात खांद्यापर्यंत पाण्यात घातला.

बोटं मिटत नव्हती, नाही मिटली तरी चालतं, पाणी ढवळायला हात सबंध लागतो. ती ढवळू लागली. गोल, गोल. खांबाला वळसा घालताना तिची बोटं त्या मागच्या जागेत गेली, आणि तिथे त्यांना काहीतरी लागलं. गार. सगळी टाकी अंघोळीच्या पाण्याएवढी कोमट होती आणि ते खोल विहिरीतल्यासारखं गार. इराइदाने डोळे घट्ट मिटले, पण हात काढला नाही. ते तिच्या बोटांवरून गेलं, एकेका पेरावरून, सावकाश, ती लोकांच्या जबड्यांवरून बोट फिरवून माप घ्यायची तसं. मग मागे सरलं आणि तिच्या हाताला जागा दिली.

तिने डोळे उघडले तेव्हा काचेत, दोन वितींवर, पुसलेला गोल होता. त्या गोलात तिने बघितलं असतं तर आत कोण आहे ते तिला कळलं असतं. तिने नाही बघितलं. ती खांबाकडे बघत राहिली. पलीकडेही बहुतेक तिकडेच बघणं चाललं होतं.

ती दमली की पाणी आपोआप फिरायचं. ते अडखळलं की ती हात घालायची. ऊन उतरलं, भिंतीवरून सरकत गेलं. कांदिदो जागा झाला, समोर बघितलं, पांढराफटक पडला. बायकोचा हात बाहेर, मांडीवर. आणि पाणी फिरतंय.

"इराइदा..."

"बोलू नकोस," ती म्हणाली. "त्याची पाळी आहे."

मग कांदिदो उठला, तिच्यासाठी पाणी आणलं, तिच्या खांद्याला तेल चोळलं आणि दुसरी बाही वर सारली.

७

वीज आली ती कधी आली हे शहराने एका सुरात सांगितलं. "आली! आली!" खिडक्या, गच्च्या, गल्ल्या, सगळीकडून एकच आरोळी. कुणी पातेली बडवली, कुणी नाचलं. पंप खोकला, एकदा, दोनदा, आणि धडधडत सुरू झाला. खांबामागचं ते फिकं काहीतरी एकदा पुढे आलं, पंपाचा झोत लागला तसं थांबलं आणि गेलं.

सकाळचा उजेड टाकीवर पडला तेव्हा खांब उघडला. खालपासून वरपर्यंत, सगळा, अंगभर मखमल. नखाएवढा पांढरा डाग होता तेवढाच राहिला होता. इराइदाने खिडकी धाडकन उघडली आणि गल्लीत ओरडली, "जिवंत आहे! माझा जिवंत आहे!" काय जिवंत आहे ते खालच्यांना कळलं नाही, तरी त्यांनी टाळ्या वाजवल्या. कांदिदोने बायकोला उचलून गरकन फिरवलं आणि दोघांची पाठ धरली. काचिता खालून ओरडली, "नाचा, नाचा! छत माझंच आहे!"

बातमी पसरायला किती वेळ लागतो? दुपारपर्यंत मंडळातली माणसं जिन्यात उभी होती. सगळ्यांच्या हातात रिकाम्या बरण्या, सगळ्यांचे डोळे सुजलेले. मास्तर सर्वांत मागे, सायकलला बांधून आणलेली बरणी छातीशी धरून. माणसं आत आली, खांब बघितला, आणि मोठमोठे बाप्ये डोळे पुसायला लागले.

"कसं वाचवलंत?" कुणीतरी विचारलं.

इराइदाला खोटं बोलता आलं असतं. बॅटरी म्हणाली असती, तांब्या म्हणाली असती. ती उभी राहिली, कमरेवर हात ठेवले आणि झालं तसं सांगितलं. गोल, पट्टे, गार बोटं, पाळ्या, सगळं. सांगताना तिची मान खाली गेली नाही. "मी एकटीने नाही वाचवला. आत कोण आहे मला माहीत नाही. कालपासून मोठ्या गोलाशेजारी तीन बारके गोल दिसायला लागलेत, नाण्याएवढे. तेव्हा कलमाबरोबर तुमच्या घरी काय येईल ते मी सांगू शकत नाही. ज्याला भीती वाटते त्याने घ्यायला नको. मला वाटली होती. अजूनही वाटते."

एका बाईने बरणी पाठीमागे नेली. पंपाच्या घरघरीखालून तो बारीक आवाज आला, चीक, चीक, आणि या वेळी तो सगळ्यांनी ऐकला.

मास्तर गर्दीतून पुढे आले. काचेसमोर गुडघ्यांवर बसले, चष्मा वर सरकवला. बारक्या गोलांसमोर ते किती वेळ बसले कोण जाणे. मानेवरचे केस उभे राहिलेले मागच्यांना दिसत होते. त्यांनी बरणी पुढे केली.

"इराइदाबाई," ते म्हणाले, "हे खातं काय?"

मग बरणी पाठीमागे नेलेली ती बाई म्हणाली, "आणि उजेड किती लागतो त्याला?" कुणी म्हणालं, "एका टाकीत दोन ठेवले तर भांडतात का?" बघता बघता सगळे एकदम बोलायला लागले, बरण्या पुढे आल्या, रांगेवरून भांडण लागलं. इराइदाने कवळीचे दात कापायची बारीक करवत उकळत्या पाण्यातून काढली, बाही वर सारली आणि कांदिदोला म्हणाली, "बघत काय उभा राहिलास? खालून काचिताच्या बरण्या आण. आपल्याकडच्या पुरणार नाहीत."